बटणावरचे पितळी वजन

मी, खाली सही करणारा, वय वर्षे बाहत्तर, निवृत्त औषधनिर्माता, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे; डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हाताने लिहितो, कारण संगणकावर दोनदा लिहिले आणि दोन्ही वेळा 'काहीतरी चुकले, पुन्हा प्रयत्न करा' एवढे सांगून त्याने सगळे गिळून टाकले.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक मुलाला. पासवर्ड सगळीकडे एकच आहे, तो स्वयंपाकघरातल्या फळीला आतून चिकटवला आहे. चिरंजीव, यावरून तू माझ्याशी भांडलास. तुझे बरोबर होते. किती, ते तिसऱ्या कलमात कळेल.

२. संगणक कोणालाही देऊ नये. भंगारात घालावा.

३. जुन्या तराजूचे पितळी वजन. रुग्णालयाच्या औषध खिडकीत तीन मिनिटे बटण दाबले नाही की आमचा प्रोग्राम आपोआप बंद व्हायचा. समोर रांग, आणि आपण पुन्हा नाव टाका, पासवर्ड टाका, औषधांची यादी पहिल्यापासून शोधा. तक्रार केली की कंपनीचा माणूस फोनवर सांगे, बंद करून चालू करा. शेवटी मीच शक्कल काढली: कीबोर्डच्या एका बटणावर हे वजन ठेवायचे. प्रोग्राम दिवसभर जागा. सकाळी सर्वांत आधी येणाऱ्याच्या नावावर सगळ्यांच्या नोंदी पडू लागल्या. पहिली यायची माझी सहकारी, जिला आम्ही टापटीप म्हणायचो. तिला हे पटत नव्हते. मी ज्येष्ठ, म्हणून तिने ऐकले.

एका दुपारी ती जेवायला गेली असताना मी एका सुताराला पाच मिलिग्रॅमच्या जागी पन्नासची गोळी दिली. यादीत दोन्ही एकाखाली एक होत्या. माणूस वाचला, पण हाताचा कंप राहिला तो कायमचा. हातातली पटाशी सुटली, सुतारकाम बंद झाले.

चौकशीत ती म्हणाली, "मी तेव्हा जेवत होते. सरांना विचारा."

मला विचारले. मी म्हणालो, "संगणकात जे नाव असेल ते खरं."

एवढे बोलून मी मिठाची गुळणी धरली, ती अकरा वर्षे. तिची नोकरी गेली, परवाना गेला. आता ती कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात काम करते. मी त्या रस्त्याने जात नाही. मला स्वतःची लाज वाटते.

४. ती गोळी मी दिली. तिचा काडीचाही दोष नव्हता. या कबुलीची प्रत ~~माझ्या पश्चात मुलाने~~ रुग्णालयाला आणि परवाना कचेरीला द्यावी. वजन तिला द्यावे. तिने गटारात फेकले तरी चालेल.

वरची खाडाखोड माझीच आहे. दुसरे साक्षीदार म्हणून मी त्या सुतारांनाच बोलावले. त्यांनी सगळे वाचले. मग म्हणाले, "मेल्यावर कशाला? ती आहे अजून. तुम्हीही आहात."

तेव्हा प्रती मीच नेऊन देईन. त्या काढायला उद्या सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात जाईन.

ठिकाण: राहते घर. दिनांक: १४ मार्च, मंगळवार.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार एक, शेजारच्या निवृत्त शिक्षिका: (सही)

साक्षीदार दोन, सुतार: (सही)

दुसऱ्या साक्षीदारांची सही वेडीवाकडी आहे म्हणून कोणी हरकत घेऊ नये. ती त्यांचीच आहे. ती तशी का, ते कलम तीनमध्ये लिहिले आहे.