याकोबाच्या विहिरीचं पाणी

२ मार्च, गाव
बॅग पुन्हा उपसली, पुन्हा भरली. टँकर आजही नाही. यार्देन नदी बघायला निघालेय आणि घरात भांडी विसळायला पाणी नाही. प्रभूलाही हसू येत असेल.

सकाळी आत्याबाईंनी खाटेजवळ बोलावलं. सून पवित्र भूमीला चालली म्हणून आशीर्वाद देतील असं वाटलं. कसलं काय, उशाखालून बाटली काढली. ह्यांच्या दूध सोसायटीतली, दुधाचा नमुना घ्यायची. हे जाऊन वर्ष झालं तरी सासूबाईंनी ती जपून ठेवलीय.

"सगळे यार्देनचं पानी आन्तेत. मला ते नको. याकोबाच्या हिरीचं आन. अन् मार्थे, कुनाला वाढायला लावू नको. सोता शेंद."
"कावून आत्याबाई? पाणी ते पाणीच की."
"तू शेंदलं तर पेते. न्हाई तर तिकडंच ठिव."

म्हातारी हट्टी आहे. तिचा मुलगाही तसाच होता. जायचं आम्हा दोघांचं ठरलं होतं.

६ मार्च, गालील
समुद्र म्हणतात, पण तळंच आहे. मांजरा धरण भरायचं तेव्हा अस्संच दिसायचं. लग्नानंतर ह्यांनी एस.टी.ने धरण दाखवायला नेलं होतं, भिंतीवर बसून शेंगा खाल्ल्या. टरफलं मात्र माझ्या पदरात. तेच आठवत बसले. नावेत सगळी मंडळी गीत गात होती, माझा सूर काही लागेना.

यात्रा घेऊन आलेल्या पाळकसाहेबांना (यापुढे पा.सा., हात दुखतो) विचारलं, याकोबाच्या विहिरीवर कधी? म्हणाले, तिकडे लष्कराचा पहारा असतो, रस्ता कधी उघडा, कधी बंद. बंद असला तर सरळ यरुशलेम.
हे निघताना नाही सांगितलं.

७ मार्च, यार्देन
सगळ्यांनी बाटल्या भरल्या. माझ्या खोलीतली सुमन, नेकनूरची, हिने तर पाण्याचा डबाच आणलाय. मला म्हणाली, "भरून घे गं हितंच. म्हातारीला काय कळतंय?"
लई राग आला. नंतर वाटलं, घ्यावं का भरून? रस्ता बंदच निघाला तर? बाटली पिशवीतून काढली, परत ठेवली. आत्याबाईंना कळलं नसतं. मला रोज कळलं असतं.

सुमनला आमच्या गावची विहीर माहीत नाही. आत्याबाई पायरीखाली घागर ठेवून बसायच्या. वरून कुणीतरी ओतायचं, मनात येईल तेव्हा. घागरीला भांडं लागू नये म्हणून उंचावरून. अर्धं पाणी मातीत. लग्न होऊन आले त्या उन्हाळ्यात मीही त्यांच्या शेजारी बसले. वेळ जावा म्हणून त्या मला याकोबाच्या विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट सांगायच्या, जिच्या हातचं पाणी यहुदी पीत नसत. "बघ मार्थे, देवानं तिच्याकडं पानी मागितलं. तिच्याकडं!" दरवेळी नवीनच ऐकल्यासारखं नवल करायच्या.

मग ह्यांनी चार जणांना जमवून दूध सोसायटी काढली. पहिल्या दिवशी आत्याबाईंच्या म्हशीचं दूध आणि पाटलांचं दूध एकाच कॅनमध्ये. घरी येऊन पोट धरून हसल्या. "पान्याला इटाळ हाय, दुधाला न्हाई!" ह्यांनी रागवायचा प्रयत्न केला, मग तेही हसले. ते दिवस बरे होते. अंगणात म्हैस होती, घरात माणसं होती.

८ मार्च, बसमध्ये
रस्ता उघडा आहे! पण आता मंडळींनाच नको आहे. तिकडे वळलं तर बेथलेहेमची दुकानं बंद होतात म्हणे. जैतुनाच्या लाकडाचे क्रूस घ्यायचेत सगळ्यांना. पा.सा. म्हणाले, बहुमताने ठरवू.
मी उभी राहिले. सभेत कधी बोलले नाही, आज बोलले. मी म्हणाले, माझी सासू आयुष्यभर दुसऱ्याने ओतलेलं पाणी प्यायली. तिने पहिल्यांदा काही मागितलंय. क्रूस माझ्या वाटणीचा घेऊ नका, पण गाडी वळवा.
मंडळी घड्याळं बघायला लागली. शेवटी सुमनच ओरडली, "वळवा की ओ! क्रूस काय पळून जातेत?"
वळलो.

८ मार्च, संध्याकाळ
तळहाताला फोड आलाय, अक्षर वाईट येईल.

विहीर देवळाच्या पोटात आहे. पायऱ्या उतरून जायचं. पांढऱ्या दाढीचे एक बाबा रहाट फिरवून पाणी काढतात आणि वरून ओततात. आपली मंडळी ओळीने वाकलेली, ओंजळी पुढे केलेल्या. ती ओंजळ बघून माझे पाय थांबले.

माझी पाळी आली. बाबांनी बाटली मागितली. मी ती पदराखाली धरली आणि रहाटाचा दांडा दाखवला, मग स्वतःकडे बोट केलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मागून पा.सा., "मार्थाबाई, रांग खोळंबली."
मी मराठीतच म्हणाले, "बाबा, आमच्याकडं वरून ओतायचे. मला शेंदू द्या."
काय कळलं देव जाणे. दांडा सोडून बाजूला झाले.

केवढी खोल! दांडा जड. दंड भरून आले. बादली वर आली तशी मी रडले, सगळ्यांसमोर, लाज न वाटता. बाटली भरली. तेवढ्यात बाबांनी आपला पेला पुढे केला. मला वाढ म्हणून.
उंचावरून नाही ओतलं. पेल्याला भांडं टेकवून ओतलं.
बघायला हे हवे होते.

१३ मार्च, गाव
पोचले. बाटली लुगड्यात गुंडाळून आणली, थेंब सांडला नाही. आत्याबाईंना दिली.
"कुनी शेंदलं?"
"मी."
"हात दाव."
तळहातावरचा फोड अंगठ्याने चाचपला. बराच वेळ हात सोडला नाही. मला वाटलं, आता पितील. तर म्हणाल्या, "उद्या हिरीवर ने मला. वरी."

विहीर आटलीय. आता टँकर तिच्यात पाणी सोडतो आणि सगळा गाव वर उभा राहून शेंदतो. आम्हाला कुणी अडवत नाही, त्याला वर्षं झाली. मी चढलेय, सुमार नाही इतक्यांदा. आत्याबाई कधी चढल्या नाहीत. ह्यांनी किती विनवलं होतं.

१४ मार्च
टँकर आला. आत्याबाई धुतलेलं लुगडं नेसून दारात बसल्यात, बाटली मांडीवर. वर गेल्यावर पिणार, का विहिरीत ओतणार, सांगत नाहीत. विचारलं तर नुसत्या हसतात, त्या दुधाच्या दिवशी हसल्या होत्या तशा. एवढ्या पायऱ्या त्यांना चढता येतील का, विचारायचा मला धीर होत नाही.
हाक आली.
"मार्थे, चल की! लिव्हत कावून बसली?"