फोटोत तहसीलदार हलले आहेत

एन-५, सिडको, औरंगाबाद
रविवार, २३ ऑगस्ट १९८७

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र दवाखान्याच्या पत्त्यावर पोचलं. मी बरी आहे, दादा बरे आहेत, नळाला एक दिवसाआड पाणी येतं.

सोबत तीन फोटो आहेत. छत्तीसांतले तीन. उरलेल्या तेहतीसांपैकी अकरांत नुसती शेपूट आहे, नऊंत मांजरच नाही आणि तेरांत ते हललेलं आहे. आपल्या तहसीलदारांचा स्वभाव तुला माहीत आहे, कायम दौऱ्यावर. तू हे नाव ठेवलंस तेव्हा दादा दोन दिवस बोलले नव्हते. 'तहसील कचेरीत तीस वर्षं पेशकार म्हणून ज्या साहेबापुढं उभा राहिलो, तो आता माझ्याच घरात उंदीर खाणार का?' आता तेही त्याला साहेबच म्हणतात.

आधी मी मांजराच्या मागे कॅमेरा घेऊन फिरायचे. ती चूक होती. आता मागच्या दाराच्या पायरीवर आधीच फोकस लावून ठेवते आणि त्याची वाट बघते. फरशीवर पालथी पडते, म्हणजे कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीला येतो. उभ्यानं काढलेल्या फोटोत ते मांजर दिसतं; पडून काढलेल्यात तहसीलदार. दोरीवरचे कपडे आधी काढून ठेवते, नाहीतर त्याच्या डोक्यातून टॉवेल उगवल्यासारखा दिसतो. ते ज्या बाजूला बघतं, त्या बाजूला चौकटीत मोकळी जागा सोडते. दवाखान्यात माझ्याकडे एक्स-रेला आलेल्या माणसाला 'श्वास धरा' म्हणता येतं, याला म्हणता येत नाही. पण पंजा चाटून झाला की ते साधारण एक सेकंद स्तब्ध बसतं. तेवढा सेकंद पुरतो.

तू लिहितेस की मांजर छान आलं, पण मागचं सगळं पुसट आहे, घर दिसत नाही. त्याचं कारण साधं आहे. हलणारी वस्तू स्पष्ट हवी तर शटर जलद ठेवावं लागतं, म्हणजे सेकंदाचा अडीचशेवा भाग. मग उजेड पुरावा म्हणून भिंग जास्त उघडावं लागतं, आणि भिंग उघडलं की मागचं पुसट होतं. दोन्ही एकदम मिळत नाही.

एखाद्या कोपऱ्यात तरी दादा दिसू देत, असंही तू लिहिलंस. ते जमणार नाही. दादांनी स्पष्ट सांगितलेलं आहे: या घरातलं माणूस त्या घरात जाणार नाही, फोटोतसुद्धा नाही. मांजर माणूस नाही, म्हणून जातं. नियमात राहून जेवढं पाठवता येतं तेवढं मी पाठवते.

दिवाळीला लेकीला न्यायला माहेरचं माणूस येतं, तुला तीन वर्षांत कुणी आलं नाही, आणि दादांच्या बोलावण्याचं मूळ आल्याशिवाय तू पाऊल ठेवणार नाहीस, हे याही पत्रात आहे. त्यावर मला काही लिहायचं नाही.

लक्ष्मणरावांना नमस्कार.

तुझी,
कालिंदी

ता. क. – तहसीलदार अजून तुझ्या ट्रंकेवरच झोपतात. ट्रंक हलवलेली नाही.

*

औरंगाबाद
रविवार, २० सप्टेंबर १९८७

ती. ताईस सा. न.

आम्ही दोघं ठीक. या वेळी एकच फोटो आहे आणि तो अरुंद आहे. का, ते सांगते.

रविवारी सकाळी आठच्या सुमाराला पायरीवर चांगला उजेड असतो, म्हणून मी तेव्हाच फोटो काढते. मागच्या महिन्याअखेरीस एका फोटोत डाव्या कडेला धोतराचं टोक आलं. पुढच्या रविवारी मी कॅमेरा उजवीकडे सरकवला, तर दादांची खुर्चीही उजवीकडे आली. मी म्हटलं,

"दादा, खुर्ची जरा मागं घ्या. चौकटीत येतेय."

"मी पेपर वाचतोय. तू मांजराचा काढ ना. मी काय मधी येतोय?"

"येताय."

"मग तुझं यंत्र सरकव. मी इथं उन्हाला बसलोय."

ऊन अंगणाच्या दुसऱ्या बाजूला होतं.

गेल्या रविवारी त्यांनी दाढी केलेली होती. दाढी ते सोमवारी आणि गुरुवारी करतात, हे मी तुला सांगायला नको. अंगात तो बंद गळ्याचा काळा कोट होता, कचेरीतला. सप्टेंबरच्या उकाड्यात. पेपर उलटा नव्हता, पण पान तासभर उलटलं गेलं नाही.

रोल मी दवाखान्याच्या डार्करूममध्ये स्वतः धुते, छपाई मात्र गुलमंडीवर पुंजाराम स्टुडिओवाल्यांकडे असते. त्यांना म्हटलं, डाव्या बाजूचा एवढा भाग कापा. ते काच लावून बराच वेळ बघत राहिले.

"बाई, म्हाताऱ्याला कशाला कापता? मांजरापेक्षा तेच सरळ बसलेत की."

"कापा," मी म्हटलं.

म्हणून फोटो अरुंद आहे. फोटोला मनाई आहे, लिहायला नाही, म्हणून लिहिलं. कापलेली पट्टी मी टाकलेली नाही.

तुझी,
कालिंदी

*

औरंगाबाद
गुरुवार, ८ ऑक्टोबर १९८७

ती. ताईस सा. न.

या पाकिटात एक फोटो आणि एक पोस्टकार्ड आहे. आधी फोटो बघ. कार्ड बाजूला ठेव, पत्र संपलं की वाच.

गेल्या रविवारी मी कॅमेरा तुझ्या ट्रंकेवर ठेवला. ट्रंक अंगणात ओढत आणली, तहसीलदार ओरडत मागे आले. भिंगाचं तोंड, अॅपर्चर, लहान करून अकरावर नेलं, शटर पंधराव्या भागावर. म्हणजे मागचं स्पष्ट येणार आणि मांजर हललं तर ते पुसणार. मांजर हलेल हे मला माहीत होतं.

दादा कोट घालून खुर्चीवर होते. तहसीलदार पायरीवर आले, त्यांनी पंजा चाटला आणि निघायला लागले. तेव्हा दादा म्हणाले, "साहेब, बसा हो जरा. तिकडं पोरगी वाट बघत असंल."

मी बटण दाबलं.

फोटोत तहसीलदार हलले आहेत. पायरीवर जो पांढुरका फराटा दिसतो, ते तेच. दादा मात्र स्पष्ट आहेत. गालावरचा ब्लेडचा काप दिसतो. कोटाचं तिसरं बटण वेगळं आहे, तू लावलेलं. पेपर मांडीवर आहे आणि ते मांजराकडे नाही, सरळ भिंगात बघत आहेत. आणि ताई, त्यांनी श्वास धरलेला आहे. मी सांगितलं नव्हतं. रोज साठ माणसांना मी श्वास धरा म्हणते, धरलेली छाती मला ओळखू येते.

प्रिंट हातात आली आणि मला ती तशीच पाकिटात घालता येईना.

तू गेलीस त्या दिवशी माझा फिजिक्सचा पेपर होता. तू माझी वेणी घातलीस, डबा दिलास, नाक्यापर्यंत आलीस. परत आले तर तू लक्ष्मणरावांशी रजिस्टर लग्न करून गेलेली होतीस. आई गेल्यापासून तूच सगळं सांगायचीस मला, भाजीत मीठ किती आणि पाळी आल्यावर काय करायचं, सगळं. हे सांगितलं नाहीस. दादा चिडले होते, पण चार महिन्यांनी निवळले. मी निवळले नाही.

त्याच दिवाळीला त्यांनी तुला मूळ धाडलं होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी कार्ड लिहून माझ्या हातात दिलं. म्हणाले, "टाक पेटीत. आणि तिचं हो आलं की तुलाच जायचंय आणायला. आपल्याकडं मुराळी म्हणून धाडायला पोरगा कुठंय?" मी बरं म्हटलं. पेटीपर्यंत गेले. कार्ड माझ्या वहीत घालून परत आले.

वसुबारसेपर्यंत ते रोज पोस्टमनची वाट बघायचे. विचारायचे नाहीत, फाटकाशी उभे राहायचे. उत्तर आलं नाही. येणार कुठून? लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ते म्हणाले, लेकीनं मूळ नाकारलं, आता या घरातलं माणूस त्या घरात फोटोतसुद्धा जाणार नाही. तू समजतेस तसं ते लग्नाच्या दिवशीचं वाक्य नाही. ते माझ्यामुळे आलेलं आहे. तू त्यांच्या मुळाची वाट बघत राहिलीस, ते तुझ्या उत्तराची. मी मधे मांजराचे फोटो काढत राहिले.

काल सकाळी दादांना सांगितलं. ते तहसीलदारांना दूध घालत होते. वाटी भरून वाहिली तरी ओतत राहिले.

"तीन वर्षं मी तिला बोल लावला," एवढंच म्हणाले. मला रागावले असते तर बरं झालं असतं.

मग विचारलं, "कार्ड कुठंय?"

आणून दिलं. त्यांनी चष्मा लावून स्वतःचंच अक्षर दोनदा वाचलं. म्हणाले, "पेन आण." चौऱ्याऐंशी साल खोडून वर सत्त्याऐंशी लिहिलं आणि बाजूला आखूड सही केली. कचेरीत खाडाखोडीवर सही नसेल तर कागद चालत नाही, हे ते आपल्याला लहानपणी पाटीवरच्या बेरजांनासुद्धा लावायचे, आठवतं? पत्ताही बदलला, तुझ्या तेव्हाच्या जालन्याच्या जागी आताचं अकोला. तिथेही सही केली. पत्ता त्यांना विचारावा लागला नाही.

मग कार्ड माझ्यापुढे धरलं.

"मुराळी कोण धाडतो म्हणून लिहिलंय, वाच."

"कालिंदी."

"ते खोडायचं का?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि न खोडताच पेनला टोपण लावलं.

ताई, मला माफ कर असं मी लिहिणार नाही. ते एका ओळीत मागण्यासारखं नाही. माझी वेणी घालायला तू नव्हतीस म्हणून मी केस कापले होते, हेही तुला कधी लिहिलं नाही. सगळ्या फोटोंत मी मागचं पुसट केलं, कारण मागे काय होतं ते मला माहीत होतं.

रविवारी १८ तारखेला पहाटेच्या अकोला गाडीनं निघते. दुपारपर्यंत तुझ्या दारात असेन. लक्ष्मणरावांनाही आवतण आहे, कार्डात आहे तसं. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव. उघडलं नाहीस तर ओट्यावर बसेन. कॅमेरा आणणार नाही, हात मोकळे ठेवणार आहे. तुझी पिशवी घ्यायला.

तुझी मुराळी, तीन वर्षं उशिरा,
कालिंदी