बोरीपलीकडची लाइन

४ मार्च
आलो बाप्पा कुडव्याले. दुर्पताबाई, माही मोठी बहीण, तिले सातवा महिना लागला. मदतीले मले बोलावलं. आल्या आल्या जिजाजीच्या स्कूटीची हवा सोडली, आल्याची आठवण राहावी म्हणून.
घरात भांडण एकच. बाई म्हणते जुनंच घर दुरुस्त करा, छपराचे कवेलू काढून स्लॅब टाका. जिजाजी श्यामलाल म्हणते, मागं खोली वाढवू, लेकराले जागा लागते.

५ मार्च
बकाराम मिस्त्रीनं मागं चुन्यानं पायव्याची लाइन आखली, बोरीच्या झाडाच्या अलीकडंच. पलीकडं जिजाजीची बहीण पुरली हाये. नाव ठेवाच्या आधीच गेली. एवढ्या लहानाले जाळत नाही. जिजाजीची माय सुलोचनाबाई तिथं अजून पाणी शिंपडते.
मले आयडिया आली. मिस्त्री काम आटपून गेला तं मी लाइन पुसली आन बोरीपलीकडून नेली. म्हातारी पाहील, बोंबलील, खोली कॅन्सल, बाई जिंकली.

६ मार्च
म्हातारी सकाळीच लग्नाले आमगावले गेली. मिस्त्री पोचाच्या आधीच मजुरांनी लाइन पाहून खोदून टाकलं. हाडबिड काही निघालं नाही.

८ मार्च
लाइन घरात आली. मागच्या दारातून चुलीपर्यंत. जिजाजीनं मले दोन झापडा हाणल्या. मी नाही केलं म्हटलं तं म्हणते, "खुशाल, तुह्याशिवाय कोण करते रे असे धंदे?"
पुसली. भर दुपारी माह्यासमोर पुन्हा उमटली. चुना नाही, हात नाही.

९ मार्च
म्हातारी आली. खड्डा पाहून खालीच बसली. मी सांगून टाकलं. ते रडली नाही, मले शिव्या बी नाही देल्या. एवढंच म्हणाली, "माह्या पोरीले वाटलं, आपल्याले घरात घेतलं."
खड्डा बुजवला. लाइन थांबून नाही राहिली.

१०
लाइन बाईच्या बाजेभोवती. चारही बाजूनं. बाईले हालवून राहिलो, उठत नाही. जिजाजी गाडी आणाले गेला. म्हातारी दारातच, आत येत नाही—
लाइनीच्या आत फरशी नाही लागत पायाले. ओली माती लागते.

दुपार
बाईनं डोळे उघडले. पोटावर हात फिरवून हासून राहिली. आवाज बाईचा नाही. लहान—
म्हणे, "इथं जागा कमी पडते."
म्हणे, दोघं नाही मावत. आधीचा जो हाये आत, त्याले बाहेर—