वडाची मध्यवर्ती भूमिका

१ जानेवारी १९९६, सोमवार
नववर्षाचे संकल्प. पाचला उठणे. पोहे बंद. आणि जगाला माझ्यातला नर्तक दाखवणे. २८ तारखेला इंदापूरला पर्यावरण नृत्यस्पर्धा आहे. आमच्या जळोची गावच्या महिला मंडळाचा नाच मीच बसवणार. विषय : पाऊस, वारा, झाड आणि गाव. मुख्य भूमिका मेघराजाची, म्हणजे माझी. चौथीत गुरुजींनी मला नाचातून काढून पडदा ओढायला उभं केलं होतं. ते अठ्ठावीस वर्षं मनात सलतंय. आता दाखवतोच.

२ जानेवारी, स. ७.४०
उठलो. थंडीत स्नायूंना जपावं असं कुठेतरी वाचलंय. पोहे खाल्ले. केलेलेच होते.

७ जानेवारी, रविवार
पहिली तालीम. बायकांना खुरपणीची स्टेप शिकवली. सरुबाई म्हणाल्या, असं खुरपलं तर बोटं जात्याल. रोज खुरपणाऱ्या बाईला कलेतली खुरपणी कळू नये, याचं वाईट वाटतं. मग मेघराजाची उडी मारून दाखवली. गुडघ्यात कट् असा आवाज आला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. बहुतेक उडीला.

१० जानेवारी
गुडघा टम्म. माझी बायको सारजा हळदीचा लेप लावताना म्हणाली, ह्या वयात कशाला उड्या मारायच्या? मी सदतीसचा आहे.
मेघराज सरुबाईंना देऊन टाकला. स्वखुशीने. मी वारा. वारा दिसत नाही, पण सगळ्यांना हलवतो तोच. डायरेक्टरला शोभेल असा रोल.

१५ जानेवारी
संक्रांतीचे दिवस. तिळाच्या वड्या सात. संकल्पात फक्त पोहे होते.

१७ जानेवारी, बुधवार
वारा म्हणून जोरात घुसलो. धोंडाबाईंच्या डोक्यावरची कळशी गेली, मागच्या दोघी खाली बसल्या. धोंडाबाई म्हणाल्या, झुंबरभावजी, तुमी एका जागी थांबा की, मग आमचं सगळं नीट व्हतंय बगा.
मंडळाची मीटिंग झाली. मला बोलावणं नव्हतं. आता मी वड. स्टेजच्या मध्यभागी, पूर्ण वेळ. नीट विचार केला तर हे प्रमोशनच आहे.
वाऱ्यासाठी आता एक बाई कमी पडते, म्हणून सारजा नाचात आली. तिला इतकं छान नाचता येतं, हे लग्नाच्या पंधरा वर्षांत मला ठाऊक नव्हतं. मी शिकवलेलं नाही, हेही नोंदवून ठेवतो.

२२ जानेवारी
गुप्त प्लॅन. शेवटी वादळ येतं तेव्हा वड एकाएकी नाचू लागणार! दीड मिनिटाचा सोलो. कुणालाही सांगायचं नाही. गोठ्यात प्रॅक्टिस केली. म्हैस टक लावून बघत होती. संध्याकाळी दूध कमी दिलं, ते थंडीमुळे.

२७ जानेवारी
शेवटची तालीम. वादळाआधी बायका वडाला सूत गुंडाळत फेरे घालतात. आज सूत नको, उगं वाया जाईल, असं सारजा म्हणाली. नुसतेच हात फिरवले. काटकसरी बाई आहे. उद्या गुरुजी असायला हवे होते.

२८ जानेवारी, रविवार
अंगाला पोत्याचा बुंधा, हातांना फांद्या. सरुबाईंनी असा पाऊस पाडला की पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्याने डोक्यावर उपरणं घेतलं. खुरपणी बायकांनी आपापल्या पद्धतीनेच केली. बरी दिसली.
मग फेरे. आठ बायका, प्रत्येकीचे सात. नवं कोरं सूत. सारजा शेवटची. गाठ तिने मारली.
वादळ आलं. मी हात उचलायला गेलो. नाक तेवढं हललं. वादळ निघून गेलं.
पहिला नंबर आमचा. शिवाय खास प्रमाणपत्र, ‘उत्कृष्ट नेपथ्य : वडाचे झाड’. ते घ्यायला सरुबाई गेल्या. मला चालता येत नव्हतं.
बायका टेम्पोत जाऊन बसल्या. सारजा मागे थांबून सूत सोडवत होती. एवढी पक्की गाठ कशाला, असं जरा चिडूनच विचारलं. ती म्हणाली, गोठ्यातला नाच बगितला मी. मला लई हसू आलं. पर लोकं हसली असती, तर ते मला सोसलं नसतं.
माझा राग कुठल्या कुठे गेला. सूत सुटायला अर्धा तास लागला.
शेवटी विचारलं, निदान वड तरी बरा झाला का?
म्हणाली, बरा व्हता. पर मधी जरा हलत व्हता.