खुंटीवरची रोटी

मॉस्कोत रमलेल्या माझ्या माणसाला,

काल मला आणि आमच्या रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला, नोसिरला, शौर्यपदक मिळालं. घाटात हिमकडा कोसळून बस गाडली गेली होती. जखमींना बघायला मी खिडकीतून आत शिरले, तोच दुसरा कडा आला नि वाट बुजली. नोसिर बाहेरून दीड दिवस खणत होता. आत मी आणि तीन जखमी.

जाताना आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे तुम्ही रोटीचा एक घास दातांनी तोडलात, "उरलेली परत येऊन खाईन" म्हणालात. नऊ वर्षं ती खुंटीला होती. उंदीर लागले म्हणून हल्ली मी ती औषधांच्या पिशवीत घेऊन फिरत होते. तीच बर्फाच्या पाण्यात भिजवून त्या तिघांना भरवली.

"पोरी, ही रोटी की दगड?" त्यांच्यातले म्हातारे सफरबाबा म्हणाले.

"नवऱ्याची आहे."

"मग दगडच!"

हसलो आम्ही सगळे.

व्यासपीठावर पदक देताना साहेब म्हणाले, "हिने जवळचं होतं नव्हतं ते सगळं दिलं." मी मान खाली घातली. त्या बसमध्ये सफरबाबांनी "अजून आहे का गं?" विचारलं, तेव्हा मी "नाही" म्हणाले होते. तुमच्या दातांची खूण असलेला तुकडा माझ्या मुठीत होता.

तो पुन्हा खुंटीला टांगलाय. पदक पेटीतच आहे.

तुमचा पत्ताही ठाऊक नसलेली,
मोहिरा