डाव्या-उजव्या कोबाल्टची वही

मी, रसायनशाळेतली निवृत्त संशोधक, वय एकोणऐंशी, पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. डॉक्टरांनी सकाळीच तपासलं. डोकं शाबूत आहे, गुडघे नाहीत.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव माझ्या भाचीला. धाकट्या भावाला काही नाही. "बाईमाणसानं बाटल्या हलवत किती वर्षं काढायची?" असं तो चारचौघांत म्हणाला होता. उत्तर पुढच्या कलमात आहे.

२. कपाटातल्या दोन केशरी कुप्या आमच्या महाविद्यालयाला. दोन्हींत कोबाल्टचं एकच संयुग आहे. मधल्या धातूला तीन रेणू चिमट्यासारखे दोन-दोन टोकांनी धरून बसतात. त्यातून पडणारा पीळ डावा असतो किंवा उजवा, डाव्या-उजव्या हातमोज्यांसारखा. एक प्रकार एकाच प्रतलात थरथरणाऱ्या प्रकाशाचं ते प्रतल डावीकडे वळवतो, दुसरा उजवीकडे. टार्टरिक, म्हणजे चिंचेतल्या, आम्लाच्या मदतीनं मी ते वेगळे केले. कुप्या एकत्र ओतू नयेत. ओतल्या तर माझी दोन वर्षं पाण्यात.

तेव्हा आमचे विभागप्रमुख म्हणाले, "बाई, टार्टरिकच उरलंय त्यात. प्रकाश तेच वळवतंय." शंका रास्त होती. मी आम्ल पार काढून टाकलं आणि त्यांनाच यंत्रापाशी बसवलं. एक नमुना डावीकडे, दुसरा तितकाच उजवीकडे. आम्ल उरलं असतं तर दोन्ही नमुन्यांनी प्रकाश एकाच बाजूला ढकलला असता.

"पुन्हा धुवा," म्हणाले. धुतले. तेच.

मग त्यांनी माझी वही ओढून घेतली, "स्वतः पाहिले. बाईंचे बरोबर आहे," असं लिहून सही केली. सहा महिन्यांनी निबंध छापून आला, एकट्या त्यांच्या नावानं. नोकरी जाईल म्हणून मी गप्प बसले. ती माझी चूक. त्यांना मात्र मी माफ केलेलं नाही. मृत्युपत्रात माफी सक्तीची नसते, असं वकील सांगतात.

३. प्रकाश मोजायचं यंत्र काचकाम करणाऱ्या मिस्त्रींना. त्याची लांब नळी त्यांनीच फुंकली; तीन फुटल्या, एकदाही कुरकुरले नाहीत.

४. वही विभागप्रमुखांच्या मुलीला. ती रसायनशास्त्र शिकवते. वडील गेल्यावर घरी आली होती. "मावशी, बाबा शेवटी तुमचंच नाव घेत होते. काय झालं होतं?" मी चहा टाकला आणि विषय बदलला. पोरी, आता शेवटून चौथं पान वाच, बाबांच्या सहीचं. लोकांपुढे ठेवायचं की कपाटात, तू ठरव. लोकांपुढे ठेवलंस, तर आम्हा दोघांची नावं ठेव. पाहिलं त्यांनीही होतं.

वरील सर्व मी वाचून, समजून सही करते. (सही)

साक्षीदार: १. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर (सही)
२. शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाई (सही)

स्थळ: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: ३ मार्च, सोमवार