बॅटरी कोन खातंय

आबा, गाडी अजून हाय. तेच आदी सांगते, कारन तुमी पैलं तेच इचारलं असतं. दूध संघाची ती बंद डब्याची गाडी तुमी चालवायचात. दुष्काळात दूध आटलं, संघ बंद पडला, तवा तुमी ती लिलावात घेतली आन् तिचं घर केलं. आत पलंग ठोकला, शेगडीला फळी लावली, एक पंखा, एक बल्ब, आन् सीटामागं पेटीत घरापुरती वेगळी बॅटरी. औंदा पुन्हा पाऊस न्हाई. पुन्हा सोसायटीनं गायरानावर जनावरांची छावनी उघडली आन् आमी गाडी घेऊन आलोत, तुमी उभी करायचात त्याच जागी, लिंबाच्या पल्याड. मी, आई, दोन म्हशी आन् एक गाय. मागच्या बाजूला काकाचं पाल. त्याचंच सांगायचं हाय.

छावनीत आल्यापासनं बॅटरी रोज सकाळी मेलेली. टपावरची सोलर प्लेट दिवसभर तापून बॅटरी भरायची, संध्याकाळी पंखा भुर्र फिरायचा, आन् सकाळी बघावं तर मोबाईलबी चार्ज होईना. बॅटरी जुनी न्हाई, गेल्या दिवाळीत आईनं नवी बसवली. काका रोज चहाच्या टायमाला पायरीवर येऊन बसायचा आन् बशी फुंकत म्हनायचा, "वयनी, हे डबडं भंगारात घाला. आज बॅटरी गेली, उद्या इंजन जाईल. चौसाळ्याचा एक जन हाय, बाजारच्या दिवशी बघायला येतो म्हनलाय." आई कप इसळत राह्यची. गाडी गेली तर आमाला काकाच्या वसरीत राहावं लागल. आन् तितं गेलं की माझं लगीन कवा आन् कुठं ते काका ठरवनार. कुनी बोललं न्हाई तसं, पन मला कळतंय. सातवीतनं शाळा सुटली म्हनून कळायचं थोडीच सुटतंय.

मला काकाचाच वहीम आला. छावनीत समद्यांचे मोबाईल मेलेले, आन् त्याच्या दोन्ही मोबाईलवर सकाळ-संध्याकाळ गानी. कुठून आली एवढी चार्जिंग? पन तुमाला ठाऊक हाय, चार मानसांत माझं तोंड उघडत न्हाई. म्हनून म्हनलं, मीटरच बोलू दे. मोबाईलवर बघितलं, बॅटरीचं एक मीटर येतंय, किती करंट आत गेला, किती भाईर गेला, समदं दाखवतंय. तेलगावला गेले. दुकानदार म्हनला, "कुनाला पायजे? वडलांना पाठव, न्हाईतर भावाला. हे खेळनं न्हाई बाई." तुमी गेलात हे त्याला कुठं सांगत बसू? नुसता हात पुढं करून उभी राह्यले. शेवटी त्यानं दिलं, वर म्हनला, "जाळशील बघ समदं."

न्हाई जाळलं आबा. तुमचा पाना अजून हाय, सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेला. मी दुसरीत असन, तुमी बॅटरी उतरवत होतात आन् मी मदत करायची म्हनून पाना लाल वायरच्या नटाला लावला. तुमी माझ्या हातावर फाटकन् मारलं. "काळी आदी! काळी आदी सोडायची, लाल नंतर. पाना गाडीच्या पत्र्याला टेकला असता म्हंजी?" मी रडले, तर संध्याकाळी बसून तुमी पान्याला ट्यूब गुंडाळली आन् म्हनलात, "घे. आता हा तुझा. ह्येनं ठिनगी न्हाई उडत." तोच पाना हातात हाय आन् मी तोंडानं म्हनतीय, काळी आदी, काळी आदी. मीटरसंगं पितळंचा एक ठोकळा येतो. बॅटरीची काळी बाजू त्याच्या एका बोल्टला, आन् गाडीतल्या समद्या काळ्या वायरी दुसऱ्या बोल्टला. म्हंजी जे काय बॅटरीतनं जाईल ते ठोकळ्यातनंच जाईल, चुकवून जायला वाटच न्हाई. एक बारीक काळी वायर तेवढी बॅटरीच्या खुटीवरच्या पकडीला, जी आईनं नव्या बॅटरीवरबी जुनीच चढवली, तुमी ट्यूबच्या पट्टीनं आवळून ठेवलेली होती, पान्यासारखीच, तशीच गाठ. तुमच्या हातची गाठ. ती मला सोडवना. तशीच राहू दिली.

मीटर लागलं. पंखा लावला की आकडा, बंद केला की शून्य. निजताना शून्य, उठल्यावर शून्य, आन् बॅटरी मेलेली! मी म्हनलं, बघ, काका लई पोचलेला हाय. ठोकळा चुकवून सरळ बॅटरीलाच वायर लावतोय. म्हशीच्या शेपटीचा केस घेतला आन् पेटीच्या झाकनावर कनकीनं आडवा चिकटवला. सकाळी केस जागच्या जागी, बॅटरी मेलेली. काका पायरीवर बसून गालात हसतोय. "काय गं इंजनेर, सापडला का चोर?"

बाजार उद्यावर आला तवा मी झाकन काढून नुसती बघत बसले. काकानं पेटी उघडलीच न्हाई, मग बॅटरी जातीय कुठून? ठोकळा चुकवून जानारी एकच वायर होती, तुमच्या गाठीची. आडवी झाले, गाडीखाली गेले. वायर फळीखालनं मागं जाते, बंपरपाशी एक सॉकेट, आन् सॉकेटच्या खाली जमिनीतनं दुसरी वायर वर आलेली, टोकाला पिन, वर उसाचं ताजं वाढं टाकून झाकलेली. वाढं ताजं, म्हंजी कुनीतरी रोज लावतंय आन् रोज काढतंय. वायर मातीत पुरलेली. मी बोटानं माती उकरत उकरत गेले. ती काकाच्या पालाकडं गेली न्हाई. ती गेली पल्याडच्या रांगंत, त्या बाईच्या पालाकडं, जिचा नवरा परागंदा हाय. मागच्या छावनीतबी ती तितंच होती. तुमी तिच्या म्हशीला पेंढी टाकायचात, मला आठवतंय. मी तितंच उनात बसले. वायर हातात.

मग गाडीकडं आले आन् तुमची गाठ सोडवली. ट्यूब कडक झाली होती, तुकडे पडले. काळी वायर ठोकळ्याच्या दुसऱ्या बोल्टला लावली, मागं जाऊन पिन सॉकेटात घातली, पळत मीटरकडं आले. आकडा पंख्याच्या कितीतरी वर. तेवढ्यात भाईर एक म्हातारी बोंबलली, "अगं बाया हो, बघा! सोसायटीला उनात दिवा लागला! चेअरमनला घाम पुसायला दिसंना वाटतं!" समद्या हसायला लागल्या. त्या बाईच्या पालाच्या मागं, जितं समद्या बाया अंधारात भाईरच्या बाजूला जातात, तितल्या खांबावर सोसायटीचा दिवा. भर दुपारी जळत होता.

आई शेनाचे हात तसेच घेऊन पळत आली. पिन उपसली. मी म्हनलं, "हे काय हाय?" तर म्हनली, "तुला ठाऊक न्हाई? मला वाटलं तुला आबानं सांगितलं आसन." मग सांगितलं तिनं. मागच्या छावनीत चेअरमननं खांब रवला, नारळ फोडला, फोटो काढला, आन् आठ दिसांत दिवा गेला तो गेलाच. एका बाईच्या पायाखाली साप निघाला. तवा तुमी गाडीच्या हेडलाईटचा बल्ब तितं लावला आन् वायर पुरली. "कुनाला बोलू नको म्हनले. चेअरमनला त्येचाच दिवा वाटू दे, न्हाईतर चिडून खांब उपटून नेईल. तवापासनं छावनीत असलो की दिवस बुडल्यावर मी लावते, उजाडलं की काढते. एका दिव्याला अशी कितीक बॅटरी लागती?" मी तिला मीटरवरचा आकडा दाखवला. ती खालीच बसली. म्हनली, "मग आता काय, बायांनी पुन्हा अंधारात जायचं?"

न्हाई. हेडलाईटचा बल्ब काढला, बारा व्होल्टचा एलईडी लावला. आईनं शिडी धरली, मी चढले. उजेड तेवढाच, आकडा मीटरवर दिसंल न दिसंल.

दुसऱ्या दिवशी चौसाळ्याचा मानूस आला. काका म्हनला, "बॅटरी तर मेलीय, इंजनाचं बघा." मी म्हनलं, "बॅटरी भरलेली हाय." काका आईकडं बघून म्हनला, "कोन बोललं हे? हिला तोंड हाय व्हय?" आई म्हनली, "हाय. आन् गाडी इकायची न्हाई." तो मानूस चहा पिऊन गेला. काकाची चार्जिंग सोसायटीच्या हापिसातनं होती म्हनं. पन मी त्याच्यावरचा डोळा काढला न्हाई. बॅटरी त्यानं न्हाई खाल्ली, गाडी खायला तर बसलाच होता.

हे कुठं धाडत न्हाई आबा, तुमाला धाडायचं कुठं? लिहून पान्याच्या फडक्यात ठेवनार हाय. एकच राह्यलं. त्या दुपारी मी उनात नुसती बसले न्हाई. वायर टाकून त्या बाईच्या पालात गेलते. पानी मागितलं. तिच्या पोरीनं तांब्या आनला, आन् मी तांब्या तोंडाला लावून तिचं नाक बघत होते, तुमच्यासारखं हाय का म्हनून.